वाचक विचारतात : ऑसिलेटरचा सूर का लागत नाही?

या खेपेच्या टपालात एकाच विषयावरची पत्रे जास्त आहेत, म्हणून सारा स्तंभ त्याच विषयाला दिला आहे. विषय आहे घरी जोडलेला ट्रान्झिस्टरचा ध्वनी-ऑसिलेटर, म्हणजे ऐकू येणारा सूर निर्माण करणारे सर्किट. बहुतेकांनी दोन ट्रान्झिस्टरचा मल्टिव्हायब्रेटर जोडला आहे, तेव्हा सर्वांसमोर तेच सर्किट असावे म्हणून ते आधी शब्दांत मांडतो. बीसी ५४७ जातीचे दोन एनपीएन ट्रान्झिस्टर घ्यायचे (कलेक्टर, बेस आणि एमिटर हे त्यांचे तीन पाय) आणि दोघांचे एमिटर बॅटरीच्या ऋण टोकाला जोडायचे. प्रत्येक कलेक्टरपासून धन टोकापर्यंत १ किलोओहमचा आणि प्रत्येक बेसपासून धन टोकापर्यंत ४७ किलोओहमचा रेझिस्टर येतो. पहिल्याच्या कलेक्टरपासून दुसऱ्याच्या बेसपर्यंत, आणि दुसऱ्याच्या कलेक्टरपासून पहिल्याच्या बेसपर्यंत, ०.०२२ मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर असतो. पुरवठा चार पेन्सिल सेलचा, म्हणजे ६ व्होल्टचा. एक ट्रान्झिस्टर चालू असताना दुसरा बंद राहतो आणि कपॅसिटर जसजसे भरतात व रिकामे होतात, तसतशी ही पाळी बदलत राहते. ०.७२ या संख्येला बेसचा रेझिस्टर (ओहममध्ये) आणि कपॅसिटर (फॅरडमध्ये) यांच्या गुणाकाराने भागले की वारंवारता, म्हणजे दर सेकंदाच्या फेऱ्या, मिळते. वरच्या मूल्यांनी ती सुमारे ७०० हर्ट्झ येते.

प्रश्न : स्पीकर चालवणारा तिसरा ट्रान्झिस्टर वाचवावा म्हणून मी दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचा १ किलोओहमचा रेझिस्टर काढून त्या जागी थेट ८ ओहमचा स्पीकर जोडला. बॅटरी लावताच एकदा ‘टक्’ होते आणि मग काहीच नाही. ट्रान्झिस्टर तीनदा बदलून पाहिले. (सांगलीचे एक निवृत्त वाचक)

उत्तर : आपले तिन्ही ट्रान्झिस्टर बहुधा ठणठणीत आहेत, ते जपून ठेवावेत. दोष त्यांच्यावर टाकलेल्या कामात आहे, आणि तो कागदावर दोन ओळींत दिसतो. बेसचा प्रवाह ४७ किलोओहममधून येतो, म्हणजे सुमारे ०.११ मिलिअँपिअर. ट्रान्झिस्टरचा गेन (बेसच्या प्रवाहाच्या किती पट प्रवाह कलेक्टरमधून वाहू शकतो ते) २०० धरला, तर कलेक्टरमधून फार तर २३ मिलिअँपिअर वाहू शकतील. कलेक्टरला १ किलोओहम असताना ६ व्होल्ट पूर्ण खाली ओढायला ६ मिलिअँपिअर पुरतात, म्हणून ट्रान्झिस्टर सहज पूर्ण चालू होतो. ८ ओहममध्ये मात्र तेच २३ मिलिअँपिअर जेमतेम ०.१८ व्होल्टचा फरक पाडतात. पलीकडच्या ट्रान्झिस्टरचा बेस ऋण बाजूला ढकलून त्याला बराच काळ बंद ठेवायचे, तर कलेक्टरने जवळजवळ सहा व्होल्टची उडी घ्यावी लागते. पाव व्होल्टाहून कमी हेलकाव्याने ते होत नाही. ऐकू आलेला ‘टक्’ हा स्पीकरमधून स्थिर प्रवाह सुरू झाल्याचा होता.

येथे एक मोह होतो तो आधीच सांगून ठेवतो. बेसचा रेझिस्टर ४७ किलोओहमवरून १ किलोओहमवर आणला तर प्रवाह वाढेल आणि स्पीकर चालेल, असे वाटते. प्रवाह वाढेल हे खरे, पण बीसी ५४७ ची कलेक्टर-प्रवाहाची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे आणि त्या मांडणीत मागणी सहज काही शे मिलिअँपिअरवर जाते. मग ट्रान्झिस्टर चौथ्यांदा बदलावा लागेल, आणि त्या वेळी तो खरोखरच जळलेला असेल.

मूळ १ किलोओहम पुन्हा जागेवर लावा. त्याच कलेक्टरपासून ४.७ किलोओहममधून तिसऱ्या बीसी ५४७ च्या बेसला जोड द्या आणि त्या तिसऱ्याच्या कलेक्टरमध्ये स्पीकरसोबत १०० ओहमचा रेझिस्टर एकसरीत घाला. स्पीकरमधून आता सुमारे ५५ मिलिअँपिअरचे ठोके जातील, जे खोलीभर ऐकू यायला पुरेसे आहेत. तिसऱ्या बेसचा भार पडल्यामुळे सूर किंचित चढेल, त्याची चिंता नको. या १०० ओहमच्या रेझिस्टरचा एक जादा उपयोग आहे. ऑसिलेटर चालू असताना तो कोमट असतो. ऑसिलेटर अडकला आणि तिसरा ट्रान्झिस्टर सतत चालू राहिला, तर त्याच्यात सुमारे ०.३ वॅट खर्च होतात आणि पाव वॅटचा रेझिस्टर बोटाला चटका देतो. आवाज बंद आणि रेझिस्टर गरम असेल, तर स्पीकरच्या वायरी तपासत बसू नये. दोष ऑसिलेटरकडेच शोधावा. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतला छोटा आउटपुट ट्रान्सफॉर्मर हाताशी असेल, तर तोही चालतो, कारण तो ८ ओहमचा स्पीकर कलेक्टरला काही शे ओहमचा भासवतो.

प्रश्न : मी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी ब्रेडबोर्डवर (डाग न देता भाग खोचण्याच्या बोर्डावर) सर्किट जोडले, पण आवाज अजिबात नाही. बाबांच्या मल्टिमीटरने मोजले, तर दोन्ही बेसवर ०.६८ व्होल्ट आणि दोन्ही कलेक्टरवर ०.०५ व्होल्ट दिसतात. पुरवठा बॅटरी एलिमिनेटरचा (घरातल्या विजेवर चालणाऱ्या अ‍ॅडॅप्टरचा) आहे. (नाशिकची एक विद्यार्थिनी)

उत्तर : तू भाग बदलण्याआधी मोजलेस, म्हणून तुझे उत्तर तुझ्या चार आकड्यांतच सापडते. दोन्ही बेसवर ०.६८ आणि दोन्ही कलेक्टरवर जवळजवळ शून्य, याचा अर्थ दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच वेळी पूर्ण चालू होऊन बसले आहेत. एकाने बंद व्हावे तेव्हा दुसऱ्याने चालू व्हावे, हा त्यांचा झोका सुरूच झालेला नाही. दोन्ही पूर्ण चालू असले, की एकाच्या बेसवरचा बारीकसा फरक दुसऱ्यापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून ही स्थिती आपोआप सुटत नाही.

याची दोन कारणे असू शकतात. पहिले कारण तुझा एलिमिनेटर. त्याच्या आतला मोठा फिल्टर कपॅसिटर हळूहळू भरतो, व्होल्टेज सावकाश चढते आणि दोन्ही ट्रान्झिस्टर हातात हात घालून एकदमच चालू होतात. पेन्सिल सेलवर असे क्वचित घडते, कारण सेल जोडताच पूर्ण व्होल्टेज एकदम मिळते आणि दोघांतला थोडासा फरक एकाला पुढे काढतो. तेव्हा एलिमिनेटर चालू ठेवूनच एका बेसला ऋण पट्टीशी जोडलेल्या तारेचे टोक क्षणभर टेकव आणि उचल. टेकवल्यावर तो ट्रान्झिस्टर बंद होतो. उचलल्यावर तो पुन्हा चालू होताना त्याचा कलेक्टर सहा व्होल्टवरून खाली कोसळतो आणि तो धक्का कपॅसिटरमधून दुसऱ्याला बंद करतो. झोका सुरू झाला, तर सर्किट निर्दोष आहे असे समज आणि प्रदर्शनाला सेल वापर. एलिमिनेटरवर ६ व्होल्ट लिहिले असले, तरी साध्या एलिमिनेटरमधून कमी भारावर आठ-नऊ व्होल्टसुद्धा येतात आणि त्याचा १०० हर्ट्झचा गुणगुणाट सुरात मिसळून आवाज घोगरा होतो, हे आणखी एक कारण.

तार टेकवून उचलल्यावरही शांतताच राहिली, तर दुसरे कारण धर : एखादा कपॅसिटर जोडलेलाच नाही. तो बोर्डात खोचलेला दिसतो, पण पाय शेजारच्या रांगेत गेलेला असतो किंवा आतल्या पत्तीला टेकत नाही. कपॅसिटर उपसत बसण्याऐवजी ०.०२२ मायक्रोफॅरडचा एक नवा कपॅसिटर हातात धरून त्याचे पाय आधी एका आणि मग दुसऱ्या कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना समांतर टेकव, आणि प्रत्येक ठिकाणी तार टेकवण्याचा प्रयोग पुन्हा कर. ज्या जागी सूर लागेल, तेथला कपॅसिटर किंवा त्याची रांग दोषी.

मीटरवर दुसरे आकडे दिसले असते, तर वाट वेगळी झाली असती. एक कलेक्टर ६ वर, दुसरा शून्याजवळ आणि ६ व्होल्टवाल्याच्या बेसवर शून्य असते, तर त्या बेसचा ४७ किलोओहम सुटलेला आहे असे म्हटले असते. लांब ब्रेडबोर्डवर हे फार घडते, कारण काहींच्या कडेची धन-ऋण पट्टी मध्यावर तुटलेली असते आणि अर्ध्या बोर्डाला पुरवठाच मिळत नाही. बेसवर ०.६५ असूनही कलेक्टर पाच-साडेपाचवर राहिला असता, तर ट्रान्झिस्टर उलटा लागला असल्याचा संशय घेतला असता. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली असे धरले, की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर हा क्रम असतो. २एन ३९०४ या दुसऱ्या जातीच्या ट्रान्झिस्टरमध्ये तो एमिटर, बेस, कलेक्टर असा उलट असतो. एकाच्या जागी दुसरा तसाच खोचला, तर तो जळत नाही, पण उलट्या दिशेत त्याचा गेन बहुधा एक आकडीच राहतो. मीटरच्या डायोड चाचणीत हा ट्रान्झिस्टर चांगलाच ठरतो, म्हणून माणूस फसतो. त्या चाचणीत बेस-एमिटरचा आकडा बेस-कलेक्टरच्या आकड्याहून किंचित जास्त येतो, एवढ्या बारीक खुणेवरून पाय ओळखता येतात.

सर्किट व्यवस्थित चालू लागल्यावर पुन्हा मोजशील, तेव्हा बेसवर उणे पाऊण व्होल्टाच्या आसपास आकडा दिसेल. घाबरू नकोस. बेस दर फेरीत उणे पाच व्होल्टापर्यंत जातो आणि परत ०.६५ वर येतो. मीटरला इतके झटपट बदल दिसत नाहीत, म्हणून तो सरासरी दाखवतो. कलेक्टरवर तीन व्होल्टाच्या जवळपास दिसेल. बेसवर उणे आकडा आणि कलेक्टरवर निम्मे व्होल्टेज, तरीही आवाज नाही, असे झाले तर ऑसिलेटर चालू आहे आणि दोष पुढे स्पीकरकडे आहे. याची खात्री मध्यम लहरींच्या रेडिओनेही होते. रेडिओ दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावून सर्किटाला खेटून धरला, की त्यात सूर भुणभुणतो. अब्राहम आणि ब्लोख या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी दोन ट्रायोड व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या) या मांडणीचे वर्णन १९१९ मध्ये प्रसिद्ध केले. तिच्या लहरीत मूळ सुराच्या कितीतरी पट वारंवारतेचे उपस्वर असतात, म्हणूनच तिचे नाव ‘मल्टि’ने सुरू होते. रेडिओ दुरुस्त करणारे याच गुणामुळे हे सर्किट सिग्नल इंजेक्टर म्हणून, म्हणजे रेडिओत चाचणीचा सूर सोडायला, वापरत आले आहेत.

प्रश्न : माझ्या सर्किटातून सूर येत नाही, सेकंदापेक्षा थोड्या कमी वेळाने टक्-टक् असा आवाज येत राहतो. असे का? (रत्नागिरीचे एक वाचक)

उत्तर : आपण ०.०२२ ऐवजी २२ मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावलेले दिसतात. मूल्य हजारपट वाढले, म्हणून वारंवारता ७०० वरून ०.७ हर्ट्झवर आली. एका फेरीला १.४ सेकंद लागतात. स्पीकरचा पडदा आत जाताना एक आणि बाहेर येताना एक असे दोन टक् होतात, म्हणजे दर ०.७ सेकंदाला एक. आपले सर्किट अगदी हिशेबाने चालले आहे. दुकानात ‘२२३’ छापलेला कपॅसिटर मागावा : २२ वर तीन शून्ये म्हणजे २२,००० पिकोफॅरड, अर्थात ०.०२२ मायक्रोफॅरड. ‘१०३’ म्हणजे ०.०१ आणि ‘१०४’ म्हणजे ०.१ हेही त्याच रीतीने.

प्रश्न : हिशेबाने ७०० हर्ट्झ यायला हवेत, पण मोबाइलवरच्या वाद्य जुळवण्याच्या ॲपमध्ये ४३० दिसतात. नऊ व्होल्टची बॅटरी लावली तरी फारसा फरक नाही. (मडगावच्या एक वाचक)

उत्तर : आपला कपॅसिटर तपकिरी चकतीसारखा असेल, तर त्यावरच्या २२३ नंतरचे अक्षर पाहावे. तेथे ‘झेड’ असेल, तर त्या कपॅसिटरचे खरे मूल्य छापलेल्या मूल्याहून २० टक्के कमी किंवा ८० टक्क्यांपर्यंत जास्त असू शकते, आणि तरीही तो विक्रीयोग्य मानला जातो. ‘के’ म्हणजे १० टक्के आणि ‘जे’ म्हणजे ५ टक्के. सूर नेमका हवा असेल, तर ‘जे’ किंवा ‘के’ खुणेचा पॉलिएस्टर कपॅसिटर घ्यावा.

नऊ व्होल्टची बॅटरी मात्र काढून ठेवावी. त्या व्होल्टेजवर बेस दर फेरीत उणे आठ व्होल्टाच्या पुढे ढकलला जातो, आणि बीसी ५४७ च्या बेस-एमिटर जोडाला उलट दिशेने ६ व्होल्टपर्यंतचीच हमी असते. हा जोड मोडला तरी लगेच काही बिघडल्याचे कळत नाही, पण वारंवारता हिशेबाबाहेर चढते आणि असेच चालू ठेवले तर ट्रान्झिस्टरचा गेन हळूहळू उतरतो. नऊ व्होल्ट वापरायचेच असतील, तर प्रत्येक बेसच्या पायात १एन ४१४८ डायोड घालावा : पट्ट्याचे टोक बेसकडे, दुसरे टोक रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या सांध्याकडे.

प्रश्न : हॅम (हौशी) रेडिओच्या परीक्षेसाठी मोर्सचा सराव करण्याकरिता हा ऑसिलेटर बनवला. बॅटरीच्या धन वायरीत मोर्सची की (ठोके देण्याचे बटण) घातली आहे. की सोडल्यावर सूर पटकन थांबत नाही, खाली घसरत विझतो, त्यामुळे डिट आणि डाह (मोर्सचे छोटे आणि लांब ठोके) एकमेकांत मिसळतात. (पुण्याचे एक वाचक)

उत्तर : आपण पुरवठ्यावर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आहे आणि तो कीच्या पुढे, सर्किटाच्या बाजूला आहे, असे पत्रातल्या आकृतीवरून दिसते. की उचलल्यावर सर्किट त्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर थोडा वेळ चालते, आणि व्होल्टेज उतरत जाते तसा सूरही उतरतो, कारण फार कमी व्होल्टेजवर प्रत्येक फेरी लांबते. कपॅसिटर काढू नका. मरगळलेल्या सेलांचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, तेव्हा तोच सूर स्थिर ठेवतो. त्याला फक्त कीच्या अलीकडे, थेट बॅटरीच्या दोन टोकांवर न्या. कीची टोके काळी पडली असतील, तर बारीक पॉलिश कागदाने घासून घ्यावीत, नाहीतर खरखर राहील आणि दोष पुन्हा सर्किटावर येईल.

प्रश्न : विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकासाठी एका ट्रान्झिस्टरचा फेज-शिफ्ट ऑसिलेटर निवडला आहे : ९ व्होल्ट, कलेक्टरला ४.७ किलोओहम, एमिटरला १ किलोओहम आणि त्याला समांतर ४७ मायक्रोफॅरड, तीन ०.०१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, तीन १० किलोओहमचे रेझिस्टर आणि धन टोकापासून बेसला ५६ किलोओहम. दहांपैकी तीन संच चालत नाहीत. एकात ट्रान्झिस्टर बदलल्यावर सूर लागला, दोन तसेच आहेत. (पदविका अभ्यासक्रमाचे एक अध्यापक)

उत्तर : मल्टिव्हायब्रेटर आडदांड असतो, मूल्ये थोडी इकडेतिकडे झाली तरी ओरडतोच, फेज-शिफ्टचे तसे नाही. तीन रेझिस्टर-कपॅसिटर जोड्यांतून जाताना लहर १८० अंशांनी वळते खरी, पण तिची उंची एकोणतिसाव्या हिश्श्यावर येते. ती भरून काढायला ट्रान्झिस्टरने निदान २९ पट मोठे करून द्यावे लागते, आणि त्याच्या बेसचा स्वतःचा भार पडत असल्यामुळे सर्वांत अनुकूल मूल्ये निवडली तरी त्याचा गेन सुमारे ४५ हून कमी चालत नाही. आपल्या मूल्यांना याहून बराच जास्त लागेल. बीसी ५४७ च्या ‘ए’ गटाचा गेन ११० पासून, ‘बी’चा २०० पासून आणि ‘सी’चा ४२० पासून सुरू होतो. ज्या संचात ट्रान्झिस्टर बदलून काम झाले, त्यातला काढलेला ट्रान्झिस्टर ‘ए’ निघेल अशी माझी अटकळ आहे. प्रात्यक्षिकासाठी सरसकट ‘बी’ किंवा ‘सी’ घ्यावेत.

उरलेल्या दोन संचांत प्रथम एमिटरवरचा ४७ मायक्रोफॅरड पाहावा. तो उलटा लागला, सुकला किंवा त्याच्या जागी ०.४७ बसला, तर १ किलोओहमचा एमिटर रेझिस्टर लहरीची वाढ फारच कमी पटीवर रोखून धरतो आणि लहर जन्मालाच येत नाही. गंमत अशी, की मीटरवर मात्र सर्व व्होल्टेज बरोबर दिसतात, कारण स्थिर प्रवाहाला तो कपॅसिटर असून नसल्यासारखाच. म्हणून चांगला कपॅसिटर धन-ऋण सांभाळून समांतर टेकवून पाहणे हीच खरी चाचणी. त्यानेही सूर लागला नाही, तर कलेक्टरकडून येणारा पहिला कपॅसिटर एका टोकाने सोडवून व्होल्टेज मोजा. बेसवर १.३ च्या आसपास, एमिटरवर सुमारे ०.७ आणि कलेक्टरवर साडेपाच ते पावणेसहा हवेत. कलेक्टर शून्याजवळ किंवा थेट नऊवर असेल, तर रेझिस्टरचे पट्टे दिवसाच्या उजेडात पुन्हा वाचावेत. तपकिरी-काळा-केशरी म्हणजे १० किलोओहम आणि तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ किलोओहम; प्रयोगशाळेच्या पिवळ्या दिव्याखाली केशरी आणि लाल सारखेच दिसतात आणि ही चूक मी स्वतः एकाच दिवसात दोनदा केलेली आहे.

संच चालू लागल्यावर वारंवारता ६५० हर्ट्झच्या आसपास मिळेल. ऑसिलोस्कोपवर (लहरीचा आकार दाखवणाऱ्या यंत्रावर) लहरीचे माथे चपटे दिसले, तर गेन गरजेपेक्षा जास्त आहे असे समजावे, आणि एमिटरच्या १ किलोओहमपैकी शंभरेक ओहमचा भाग कपॅसिटरच्या बाहेर ठेवावा. तेथे प्रीसेट (स्क्रूने कमीजास्त करता येणारा रेझिस्टर) बसवला, तर सूर थांबण्याच्या किंचित अलीकडे लहर सर्वांत सुबक दिसते. या कलेक्टरवर विद्यार्थी स्पीकर जोडणार नाहीत एवढे पाहावे, नाहीतर सांगलीच्या वाचकांसारखीच शांतता पसरेल. मधे एमिटर-फॉलोअर (कलेक्टरवर भार न टाकता लहर पुढे देणारा जादा ट्रान्झिस्टर) जोडून त्यावरून लहर पुढच्या ॲम्प्लिफायरला द्यावी.